इंग्रजीतले पिवळे पीतांबर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीचे अर्ज, प्रवेशासाठीची निवेदने, सोसायट्यांच्या नोटिसा, कंपन्यांचे अहवाल असे इंग्रजी मसुदे तपासताना लाल शाई सर्वांत जास्त कशावर खर्च होते, असे कुणी विचारले तर उत्तर स्पेलिंग नाही आणि व्याकरणही नाही. ती खर्च होते जोर आणण्यासाठी जोडीने बसवलेल्या क्रियाविशेषणांवर. ‘आय फुली अँड कम्प्लीटली ॲग्री.’ ‘आय सिन्सिअरली अँड ऑनेस्टली बिलीव्ह.’ ‘द वर्क वॉज टोटली अँड एन्टायरली फिनिश्ड.’ एकाच अर्थाचे दोन शब्द आणि मध्ये ‘अँड’. मराठीत याला पिवळे पीतांबर म्हणतात. गाईचे गोमूत्र त्याच गोठ्यातले.

यावर ‘जोडी दिसली की एक शब्द कापा’ असा सरसकट सल्ला दिला जातो. तो देणाऱ्याला सोपा पडतो, पण बरोबर नाही. काही जोड्यांतला एक शब्द काढला की अर्थाचा अर्धा भाग गळून पडतो, आणि कागद बँकेचा किंवा कर खात्याचा असेल तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. कोणती जोडी ठेवायची आणि कोणती मोडायची, ते नीट ओळखता येते. (खाली इंग्रजी वाक्ये नागरीत दिली आहेत. वाचताना थोडे अडखळायला होईल, पण मोठ्याने म्हणून पाहिली तर जोडीचा ताल कानाला पटकन कळतो.)

सुरुवात कर खात्यापासून करू. १९६१ च्या (२०२६ पर्यंत लागू असलेल्या) प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३७ नुसार व्यवसायाच्या खर्चाची वजावट मिळायची तर तो खर्च ‘होली अँड एक्स्क्लुझिव्हली’ व्यवसायासाठी झालेला असावा लागे. (‘होली’ म्हणजे सण नव्हे, ‘होल’ या शब्दापासून झालेले क्रियाविशेषण.) वरवर पाहता दोन्हींचा अर्थ ‘संपूर्णपणे’ असाच वाटतो. न्यायालयांनी मात्र दोघांना वेगवेगळी कामे वाटून दिली. ‘होली’ रकमेकडे पाहते, ‘एक्स्क्लुझिव्हली’ हेतूकडे. दहा हजारांपैकी सहा हजार दुकानासाठी आणि चार हजार घरासाठी गेले तर ‘होली’ची अट मोडली. मेजवानीचे दहा हजारांचे एकच बिल आहे, पण ती गिऱ्हाइकांसाठीही होती आणि मुलीच्या साखरपुड्यासाठीही, तर ‘एक्स्क्लुझिव्हली’ची. एकच शब्द ठेवला असता तर दोनपैकी एक पळवाट उघडी राहिली असती.

त्याच कायद्याच्या कलम १४७ मध्ये आणखी एक जोडी होती. करनिर्धारण झालेले असून ते करनिर्धारण वर्ष संपून चार वर्षे उलटली की ते प्रकरण पुन्हा उघडता येईल की नाही, हे २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत मुख्यतः एका प्रश्नावर ठरत असे: करदात्याने महत्त्वाच्या सर्व बाबी ‘फुली अँड ट्रूली’ उघड केल्या होत्या का? ‘फुली’ म्हणजे काही दडवले नाही, ‘ट्रूली’ म्हणजे खोटे काही सांगितले नाही. खरे सांगून दडवणारा आणि सगळे सांगून त्यात थोडे खोटे मिसळणारा ही दोन वेगळी माणसे आहेत. कायद्याला दोघांनाही पकडायचे होते.

या जोडीतूनच एक सोपी कसोटी निघते. ‘अँड’च्या जागी ‘बट नॉट’ घालून बघा. ‘फुली बट नॉट ट्रूली’: सगळे सांगितले, पण खरे नाही. शक्य आहे. ‘ट्रूली बट नॉट फुली’: सांगितले ते खरे, पण बरेच लपवले. हेही शक्य आहे. म्हणजे जोडी टिकते. आता ‘कम्प्लीटली बट नॉट एन्टायरली फिनिश्ड’ म्हणून पाहा: काम पूर्ण झाले, पण संपूर्ण झाले नाही. असे सांगणाऱ्या कंत्राटदाराला पुढचा हप्ता कुणी देणार नाही. ही जोडी मोडावी.

कसोटी दोन्ही दिशांनी लावायला हवी, आणि घाई करणारे इथेच चुकतात. ‘डेलिबरेटली अँड नोइंगली’ घ्या. माहीत असून, पण मुद्दाम नव्हे, असे घडू शकते. म्हणजे ‘नोइंगली बट नॉट डेलिबरेटली’ जमते. उलट बाजूने मात्र जमत नाही, कारण मुद्दाम केलेली गोष्ट नकळत केलेली असूच शकत नाही. अशा जोडीत मोठा शब्द धाकट्याला पोटात घेऊन बसलेला असतो. मोठा ठेवावा, धाकटा काढावा. ‘डेलिबरेटली’ पुरते.

मराठी माणसाच्या हाताशी आणखी एक कसोटी आहे, ती म्हणजे जोडीचे मराठी करून पाहणे. मंत्र्यांच्या शपथेत ‘फेथफुली अँड कॉन्शिएन्शस्ली’ आहे. मराठी शपथेत त्याचे ‘निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने’ झाले. निष्ठा पदाशी असते आणि शुद्ध बुद्धी स्वतःच्या मनाशी, म्हणून अनुवाद करणाऱ्याला दोन वेगळे शब्द सहज सापडले. ‘फुली अँड कम्प्लीटली’चे मराठी करायला बसा. ‘पूर्णपणे आणि संपूर्णपणे’ लिहिताना हात आपोआप थांबतो. जो हात मराठीत थांबतो तो इंग्रजीत थांबत नाही, कारण परक्या भाषेतला शब्द आपल्याला नेमका जड की हलका ते कळत नाही आणि दोन घातलेले बरे असे वाटते.

कर्जाच्या हमीपत्रावरची ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ ही जोडी तर प्रत्येकाने सही करण्याआधी समजून घ्यावी. इथे ‘सेव्हरल’ म्हणजे ‘अनेक’ नव्हे, ‘वेगवेगळे’. बारा लाखांच्या कर्जाला तीन जामीन असतील तर प्रत्येकावर चार लाखांची जबाबदारी आहे, असा समज सर्रास आढळतो. ‘सेव्हरली’ या एका शब्दामुळे बँक संपूर्ण बारा लाख तिघांपैकी कुणाही एकाकडून मागू शकते. उरलेल्या दोघांकडून त्यांचा वाटा वसूल करणे ही मग त्या एकाची डोकेदुखी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ४३ संयुक्त वचनाच्या बाबतीत घेणेकऱ्याला मुळातच असा मार्ग मोकळा ठेवते. तरीही हमीपत्रात दोन्ही शब्द लिहितात ते वादाला जागा राहू नये म्हणून. मसुदा सुटसुटीत करण्याच्या नादात असा शब्द उडवू नये.

कधी कधी दोन्ही शब्द योग्य असतात आणि मधले ‘अँड’ चुकीचे असते. अपघाताच्या इंग्रजी बातम्यांत ‘रॅश अँड निग्लिजंट ड्रायव्हिंग’ हमखास दिसते. भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये शब्द होते ‘रॅश ऑर निग्लिजंट’. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही ‘ऑर’च आहे. धोका दिसत असून बेफिकिरीने गाडी हाकणे एक, आणि घ्यायची ती काळजी न घेणे दुसरे. दोन्हींपैकी एक सिद्ध झाले तरी पुरते. ‘अँड’ लिहिले की दोन्ही सिद्ध करावे लागेल असा अर्थ होतो. आपल्या बातम्यांतले ‘हयगयीने व अविचाराने’ हे त्याच ‘अँड’चे भावंड आहे.

आता दुसरा प्रकार. काही जोड्या ‘बट नॉट’च्या कसोटीवर सपशेल नापास होतात आणि तरीही शुद्ध इंग्रजी असतात. त्या रूढ झाल्या आहेत. त्यांतला एक शब्द काढता येत नाही, क्रमही बदलता येत नाही. याकोव्ह माल्कीएल या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर सविस्तर लिहिले. ‘वेल अँड ट्रूली’ ही त्यांतली ठळक. ‘वी वेअर वेल अँड ट्रूली बीटन’ म्हणजे आमचा पार धुव्वा उडाला. ‘ट्रूली अँड वेल बीटन’ असे कुणी लिहीत नाही. ही जोडी पूर्वी कोनशिला बसवण्याच्या समारंभात म्हटली जाई: शिला ‘वेल अँड ट्रूली लेड’ झाली आहे. गवंडी-सुतारांच्या इंग्रजीत ‘ट्रू’ म्हणजे खरे नव्हे, तर ओळंब्यात आणि गुण्यात असलेले, तसूभरही न कललेले. म्हणजे दगड नीट बसवला आणि सरळ बसवला, अशी दोन कामे तिथे त्या जोडीत दिसतात. रोजच्या वापरात दगड नाही, ठणठणीतपणा तेवढा आहे. आज ही जोडी भूतकालवाचक धातुसाधितापुढे (‘बीटन’सारख्या रूपापुढे) किंवा ‘ओव्हर’सारख्या शब्दापुढे शोभते, आणि तेही बहुधा काहीतरी संपले, अडकले, हरले अशा ठिकाणी: ‘वेल अँड ट्रूली ओव्हर’, ‘वेल अँड ट्रूली स्टक’. ‘आय वेल अँड ट्रूली थँक यू’ हे इंग्रज माणसाच्या कानाला विचित्र लागते. तिच्या आधी ‘व्हेरी’ लावू नये, मध्ये स्वल्पविराम देऊ नये, आणि औपचारिक अहवालात तिला शक्यतो बोलावू नये.

‘फर्स्ट अँड फोरमोस्ट’ आपल्याकडे फार लाडकी. ‘फोरमोस्ट’चा मूळ अर्थही ‘पहिला’च, म्हणजे हे ‘पहिला आणि पहिला’. पण आता ‘फर्स्ट’ क्रम दाखवतो आणि ‘फोरमोस्ट’ महत्त्व. म्हणून जो मुद्दा क्रमानेही पहिला आणि महत्त्वानेही पहिला, त्याच्याच आधी ती लिहावी. एका मजकुरात एकदाच. ‘फर्स्ट अँड फोरमोस्ट’ने सुरू झालेल्या परिच्छेदात नावगाव आणि शिक्षण सांगितले असेल, तर जोडी वाया गेली.

‘वन्स अँड फॉर ऑल’ आधी नुसते ‘वन्स फॉर ऑल’ होते, दोन्ही चालतात. ‘फार अँड अवे’ ही ‘द बेस्ट’सारख्या सर्वश्रेष्ठ दर्शवणाऱ्या रूपापुढे शोभते. ‘स्लोली बट शुअरली’मध्ये तर द्विरुक्ती नाहीच, मधले ‘बट’ सांगते की वेग कमी आहे, पण पोहोचणार नक्की. ‘बाय अँड लार्ज’ ही मात्र फसवी. ती जोर देणारी जोडी नाही आणि तिचा अर्थ ‘मोठ्या प्रमाणावर’ असाही नाही. शिडाच्या जहाजांवरचा हा शब्दप्रयोग: वाऱ्याच्या तोंडाला धरून आणि वारा मागून घेऊन, दोन्ही परींनी. त्यावरून ‘एकंदरीत, सर्वसाधारणपणे’. ‘द फ्लड डॅमेज्ड द क्रॉप्स बाय अँड लार्ज’ असे लिहिणाऱ्याला नुकसान मोठे झाले असे म्हणायचे असते. वाचणारा समजतो, बहुतेक पिकांचे झाले असावे.

या जोड्यांचा क्रम बहुधा आखूड शब्द आधी आणि लांब नंतर असा असतो. ‘वेल’ आणि मग ‘ट्रूली’, ‘फर्स्ट’ आणि मग ‘फोरमोस्ट’, ‘होली’ आणि मग ‘एक्स्क्लुझिव्हली’. पाणिनीने द्वंद्व समासासाठी नेमके हेच सांगितले आहे: ‘अल्पाच्तरम्’, म्हणजे ज्यात स्वर कमी ते पद आधी. इंग्रजीला अष्टाध्यायी लागू नाही, पण तोंडाची सोय दोन्हीकडे सारखीच. स्वतः नवी जोडी लिहायची वेळ आली आणि अर्थाने विशिष्ट क्रम मागितला नाही, तर हा नियम पाळावा. ‘कन्साइजली अँड क्लिअरली’पेक्षा ‘क्लिअरली अँड कन्साइजली’ सरळ वाचले जाते.

तिसरा प्रकार म्हणजे सुरुवातीला दिलेली फुकाची जोडी. ती मराठी लिहिणाऱ्यांच्या इंग्रजीत इतकी का येते? इंग्रजी कच्चे म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. मराठीत द्विरुक्ती हा दोष नसून व्याकरणाचे अवजार आहे. ‘तो हळू चालतो’ आणि ‘पाणी हळूहळू चढले’ यांत ‘हळूहळू’ जोरासाठी नाही. ते टप्प्याटप्प्याने वाढणे दाखवते. रंगांचे पाहा: पांढराशुभ्र म्हणजे शब्दशः पांढरा-पांढरा, आणि तरी तो पांढऱ्यापेक्षा अधिक पांढरा. जोडशब्दांत तर आपण दोन भाषा शेजारी नांदवल्या. कागदपत्र यातला कागद फारसीतून आला, पत्र संस्कृत. धनदौलत, रीतिरिवाज, बाजारहाट यांचीही तीच जात. इंग्रजीतही असे घडले आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकर्त्यांची फ्रेंच आणि रयतेची इंग्रजी कायद्याच्या कागदावर शेजारी बसली. ‘गुड्स अँड चॅटल्स’मधला पहिला शब्द इंग्रजी, दुसरा फ्रेंच, ‘विल अँड टेस्टमेंट’मधला पहिला इंग्रजी, दुसरा लॅटिन. फरक एवढाच की आपल्याकडे ही जोडी घराघरांत बोलली जाते, इंग्रजीत ती मुख्यतः वकिलाच्या कागदावर राहिली. म्हणून साध्या पत्रात ती घातली की पत्राला कोर्टाचा वास येतो.

व्यवहारातला उपाय असा: मराठी द्विरुक्तीसाठी इंग्रजीत बहुतेकदा एकच, पण वेगळा शब्द असतो. तो शोधावा. ‘हळूहळू’साठी ‘स्लोली स्लोली’ किंवा ‘स्लोली अँड ग्रॅज्युअली’ नको, नुसते ‘ग्रॅज्युअली’. ‘पुन्हापुन्हा’साठी ‘रिपीटेडली’. ‘एकेक करून’ म्हणजे ‘वन बाय वन’, ‘रडत रडत’ म्हणजे ‘इन टिअर्स’, ‘जाता जाता’ सांगितले तर ‘इन पासिंग’. इंग्रजीची स्वतःची द्विरुक्ती आहे, ‘अगेन अँड अगेन’, ‘मोअर अँड मोअर’. ती मधल्या ‘अँड’सकट घ्यावी लागते आणि वाटेल त्या शब्दाची करता येत नाही.

जोर हवाच असेल तर दुसरा शब्द जोडण्याऐवजी पहिलाच नेमका निवडावा. याची जाण मराठी वाचकाला उपजत असते. खोटे धादांत असते, वेडा ठार असतो, नकार साफ असतो, उपास कडकडीत असतो, आठवण लख्ख असते. ‘धादांत खरे’ कुणी म्हणणार नाही. इंग्रजीतही प्रत्येक विशेषणाचा नि क्रियापदाचा असा ठरलेला सोबती आहे: ‘बिटरली डिसअपॉइंटेड’, ‘डीपली सॉरी’, ‘फुली अवेअर’, ‘स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड’, ‘हायली रेकमेंडेड’, ‘कॅटेगॉरिकली डिनाय’. ‘डिसअपॉइंटेड’आधीच्या ‘व्हेरी मच अँड टोटली’ या चार शब्दांत जे वजन येत नाही ते ‘बिटरली’त येते. चांगल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात विशेषणाखालची उदाहरणे वाचली की हे सोबती सापडतात. समानार्थी शब्दांच्या यादीत ते सापडत नाहीत, आणि फुकाच्या जोड्या बहुधा त्या यादीतूनच जन्मतात.

शब्दाची जातही पाहावी लागते. ज्या गुणाची कमी-जास्त पातळी असते त्याला ‘व्हेरी’ चालते: ‘व्हेरी कोल्ड’. जो शब्द आधीच टोकाला आहे त्याला ‘ॲबसोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’: ‘ॲबसोल्यूटली फ्रीझिंग’. अदलाबदल केली की दोन्ही बिघडतात. आणि ‘व्हेरी’, ‘सो’, ‘टू’, ‘क्वाइट’ हे शब्द ‘अँड’ने कुणाशीच जोडता येत नाहीत, ‘व्हेरी अँड ट्रूली ग्रेटफुल’ हे इंग्रजीच नाही. क्रियापदाच्या पोटातही क्रियाविशेषण दडलेले असते. ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’, ‘रिव्हर्ट बॅक’ यांत ‘री’नेच परत आणले आहे. ‘एलिमिनेट’ म्हणजे समूळ काढणे, तिथे ‘कम्प्लीटली’ला काम उरत नाही.

‘अँड’ नसलेल्या सगळ्या जोड्या मात्र वाईट नाहीत. ‘फार टू एक्स्पेन्सिव्ह’, ‘मच मोअर क्लिअरली’, ‘ओन्ली जस्ट’, ‘ऑल टू ऑफन’ यांत पहिला शब्द दुसऱ्याचे माप सांगतो. दोघे मिळून तिसऱ्यावर ओझे टाकत नाहीत. हा फरक लक्षात आला की ‘जस्ट सिम्पली’ का खटकते ते कळते: तिथे कुणी कुणाचे माप सांगत नाही, दोघे नुसते शेजारी उभे आहेत.

आपल्या ‘च’ आणि ‘ही’बद्दल न लिहिता हे पत्र पुरे होणार नाही. ‘च’चे भाषांतर ‘ओन्ली’ आणि ते वाक्याच्या शेवटी, ही सवय बोलण्यात चालून जाते, लेखनात नाही. ‘आय केम यस्टरडे ओन्ली’च्या जागी ‘आय केम ओन्ली यस्टरडे’. ‘देअर ओन्ली’च्या जागी ‘राइट देअर’. ‘तोच माणूस’ म्हणजे ‘द व्हेरी सेम मॅन’. ‘मीच’ म्हणजे ‘आय मायसेल्फ’, आणि त्याला पुन्हा ‘पर्सनली’ लावायचे नाही. ‘ही’मुळे ‘ऑल्सो’ आणि ‘ॲज वेल’ एकाच वाक्यात येतात: ‘ही ऑल्सो सेंट अ कॉपी ॲज वेल’. एक खोडा. ‘जरी... तरी’मुळे ‘ऑल्दो... बट’, आणि ‘ज्याअर्थी... त्याअर्थी’मुळे ‘सिन्स... देअरफोर’ असे दुहेरी पूल बांधले जातात. इंग्रजीला नदीच्या एकाच काठावर शब्द पुरतो.

नकार असलेल्या वाक्यात जोडी टाळावीच. ‘आय ॲम नॉट फुली अँड कम्प्लीटली सॅटिस्फाइड’ याचा अर्थ ‘अजिबात समाधानी नाही’ असा होत नाही. ‘बराचसा समाधानी आहे, थोडे राहिले’ असा होतो. तक्रार करणाऱ्याने स्वतःच तक्रार सौम्य केली. ‘अजिबात’ म्हणायचे तर ‘नॉट ॲट ऑल सॅटिस्फाइड’. जागेनेही अर्थ पालटतो. ‘आय रिअली डोन्ट ॲग्री’ हा ठाम विरोध, ‘आय डोन्ट रिअली ॲग्री’ हा गुळमुळीत.

जागेची आणखी एक चूक अस्सल मराठी आहे. आपण म्हणतो, त्याने पूर्णपणे आणि खरेपणाने प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणून इंग्रजीत ‘ही आन्सर्ड फुली अँड ट्रूली द क्वेश्चन’ असे उतरते. इंग्रजीत क्रियापद आणि आखूड कर्म यांच्या मध्ये जोडी घुसवत नाहीत: ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फुली अँड ट्रूली’. कर्म लांबलचक असेल तरच जोडी आधी घ्यावी, जसे कलम १४७ मध्ये ‘सर्व महत्त्वाच्या बाबी’ या लांब कर्माआधी ती होती. प्रत्ययाचेही तसेच. मराठीत ‘शांत व संयमितपणे’ असा एकच ‘पणे’ दोघांना पुरतो. इंग्रजीत ‘क्लिअर अँड कन्साइजली’ चालत नाही, ‘ली’ दोघांनाही लागतो.

सर्वांत जास्त कचरा साचतो तो विनंतीच्या पत्रात. एक नमुना वाक्य पाहा: ‘आय वुड लाइक टू हम्बली अँड रिस्पेक्टफुली रिक्वेस्ट यू टू काइंडली प्लीज लुक इन्टू द मॅटर इमिजिएटली अँड अर्जंटली अँड डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.’ सव्वीस शब्द, नम्रतेचे चार, घाईचे तीन, आणि काय हवे ते कुठेच नाही. ‘काइंडली’ आणि ‘प्लीज’ दोन्ही म्हणजे ‘कृपया’. आता हे: ‘प्लीज रिपेअर द सेकंड-फ्लोअर वॉटर लाइन बाय १५ जून.’ नऊ शब्द. नम्रता ‘प्लीज’मध्ये आली, घाई तारखेत आली. क्रियाविशेषणाची जोडी लिहावीशी वाटते ती बहुतेकदा आकडा, तारीख किंवा जागा सांगायची राहिलेली असते म्हणून. अर्जात ‘सक्सेसफुली अँड एफिशिअंटली कम्प्लीटेड’ लिहिण्याऐवजी काम किती दिवसांत, किती खर्चात झाले ते लिहावे. नोटिशीत ‘वॉटर सप्लाय विल बी टोटली अँड कम्प्लीटली क्लोज्ड’ऐवजी पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद ते लिहावे.

हे सगळे इंग्रजीला सांगताना आपल्याच घरात पाहायला हवे. ‘सुमारे शंभरच्या आसपास’, ‘केवळ फक्त’, ‘पुन्हा नव्याने’ ही मराठी वृत्तपत्रांतलीच भरताड आहे, आपले वृत्तपत्रही त्याला अपवाद नाही, एवढे स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नये.

शेवटी एक सावधगिरी. ठरवून दिलेल्या नमुन्यांतल्या जोड्यांना हात लावू नये. १९६९ च्या शपथ कायद्यातला साक्षीदाराचा नमुना ‘ट्रुथ, द होल ट्रुथ अँड नथिंग बट द ट्रुथ’ असे तीनदा सत्य मागतो, आणि तिन्ही मागण्या वेगळ्या आहेत: खोटे बोलू नकोस, लपवू नकोस, पदरचे घालू नकोस. प्रतिज्ञापत्रातले ‘सॉलम्नली अफर्म’, बँकेच्या छापील फॉर्मवरची वाक्ये, विद्यापीठाने दिलेला घोषणापत्राचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा. तिथे सुधारणा केली तर कागद परत येऊ शकतो. पेन्सिल घेऊन बसायचे ते त्याच फॉर्मच्या रिकाम्या रकान्यांवर, जिथे ‘कारणे’ किंवा ‘इतर माहिती’ असे लिहून चार ओळी आपल्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या असतात.

कळावे,
लेखी इंग्रजी शिकवणारे आणि मसुदे तपासणारे काही जण